टेकडीवरची भाकर

आमच्या पिल्लावरून पडून माणूस मरत नाही, हे आधीच सांगून टाकते. गुडघा फुटेल, फार तर मनगट मुरगळेल. पिल्लू म्हणजे हँग ग्लायडर, पण नव्या लोकांना तोंडओळख करून देण्यापुरतं, लहानसं. अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, त्यावर ताणलेलं पांढरं-केशरी कापड आणि खाली धरायला त्रिकोणी दांडी. पट्ट्यांत स्वतःला अडकवून घ्यायचं आणि उतारावरून पळायचं. दोन्ही बाजूंनी दोघं दोर धरून सोबत पळतात. वारा बरा असला तर माणूस दाराच्या उंचीइतका वर जातो, थोडा पुढं जातो आणि खाली येतो. एवढ्यासाठी लोक पुन्हा पुन्हा टेकडी चढायचे.

ते आमच्या ह्यांनी बनवलं. नाव ज्ञानदेव, रांजणगावला एका कारखान्यात फिटर. कामशेतला जाऊन उडायचं शिकून आले आणि आपल्या भागातल्या पोरांनाही हे दाखवायचंच, असं डोक्यात घेतलं. जोडीला कारखान्यातलेच महेंद्रभाऊ, शिरूरचे. पाइप त्या दोघांनी कापले, कापड मी शिवलं. मी आमच्या गावात, कवठ्यात ब्लाऊज शिवते. पिल्लाला मात्र दुहेरी शिलाई घातली, नायलॉनच्या दोऱ्याने. हे एकेक टाका नखाने ओढून बघायचे. म्हणायचे, "ब्लाऊज उसवला तर बाई घरी जाती. हे उसवलं तर मानूस घरी जायचा न्हाई."

उडून दाखवायला नमुना मीच, कारण वजनाला हलकी. हे जमलेल्या लोकांना सांगायचे, "ही माझी बायकू. हिला पोळपाट उचलायचा कंटाळा, तरी उडती. मग तुमाला काय झालं?" लोक हसायचे, मी डोळे वटारायचे आणि पळायचे. हे डावा दोर धरून खालून ओरडायचे, "पळ, पळ, पाय थांबवू नको!" नवा माणूस हमखास तिथंच चुकतो. जमीन सुटली की पाय लोंबकळत ठेवतो. हे सगळ्यांना बजावायचे, "जमीन सुटली तरी पळत ऱ्हावा. ती परत येनार हाय. तवा पाय तयार पायजेत."

हे गेले ते रस्त्यावर. पुण्याकडच्या एका कॉलेजात पिल्लू दाखवून संध्याकाळी परत येत होते. जीप माझ्या धाकट्या दिराची, दत्ताभाऊजींची. ती शिरूर ते वाघोली वडाप चालते, सीटमागं पैसे घेऊन. हे पुढं, त्यांच्या शेजारी. पिल्लू गुंडाळून टपावर. कोरेगाव भीमापाशी उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना लाल फडकं. भाऊजींना दिसली तेव्हा उशीर झाला होता. जीपची डावी बाजू गेली. भाऊजींच्या कपाळाला खोक पडली, तेवढीच.

गावात फोन केला चुलत सासऱ्यांनी, सोपानरावांनी. किराणा दुकानातल्या फोनवर सासूबाईंना बोलावून घेतलं. एका पोराच्या हातून दुसरं गेलं, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ज्ञानदेव उडताना पडला." कुठं पडला ते सांगितलं नाही. सासूबाईंना उडायची एकच जागा ठाऊक, आमच्या गावामागची टेकडी. भाऊजींच्या कपाळाची खोक ह्यांना उचलताना पडली, असं सांगून भागलं.

दोन दिवसांनी खरं सांगू, असं ठरलं. मग दहावा झाल्यावर. मग तेरावा झाल्यावर. मग कुणी विषय काढलाच नाही. गावाला खरं काय ते कळलं होतं, पण खोटं जास्त आवडलं. मुंगीला पंख फुटतात ते मरायलाच, म्हणाले. कुणीतरी शेपूट जोडलं, शिलाई उसवली म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि असं बोलणाऱ्या बाया ब्लाऊज मात्र माझ्याकडेच टाकत होत्या.

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. दहाव्याला बायांनी मला मधोमध बसवून गळे काढले, माझ्या पाठीवर थापा मारल्या, एकीने तर दंडाला चिमटा घेतला. चिमटा कळला, पण तेवढाच. मी उठून चुलीवरचं आधण बघून आले. त्यानंतर वर्षभर मी मशीन चालवलं, बाह्या लावल्या, हुक लावले, जेवले, झोपले. ह्यांचा शर्ट खुंटीवर होता. तो बघितला की शर्ट दिसायचा, बाकी काही नाही.

सासूबाईंचं मात्र ठरलेलं होतं. माणूस अवचित जिथं जातो तिथंच त्याला भूक-तहान लागते, ही त्यांची समजूत. दर अवसेला त्या टोपल्यात भाकर, पिठलं आणि तांब्याभर पाणी घेऊन टेकडी चढायच्या. टेकडीवरच्या उताराच्या टोकाशी, जिथं आम्ही पिल्लू उतरवायचो, तिथं त्यांनी एक धोंडा मांडला होता, शेंदूर लावून. पाणी ओतायच्या, भाकर ठेवायच्या, थोडं बोलायच्या आणि मागं न बघता यायच्या. कुत्री भाकर खायची. मी दारातून बघायचे. भाकर चुकीच्या जागी चाललीय हे मला ठाऊक होतं, आणि ती थापून मीच द्यायचे. सांगू नये असं काही ठरवलं नव्हतं. सांगायला जे लागतं, तेच माझ्यात उरलं नव्हतं.

दत्ताभाऊजींनी जीप दुरुस्त करून पुन्हा वडाप सुरू केली. वडापच्या जीपमध्ये पुढं चौघं कोंबतात, हे कुणालाही ठाऊक आहे. भाऊजी शेजारची सीट रिकामी ठेवायला लागले. तिथं पाण्याचा कॅन. रेडिएटर तापतो म्हणून कोरेगावपाशी गाडी थांबवून पाणी घालतात, असं पॅसेंजर सांगायचे. म्हस्कू नावाचा त्यांचा रोजचा गिऱ्हाईक आमच्या दारात येऊन म्हणाला होता, "वैनी, दत्ताला सांगा, गाडी डाक्टरला दाव. तिला साखरंची बीमारी झालीया. सारखी तहान लागती." मी हसायला पाहिजे म्हणून हसले.

फाल्गुनात एका संध्याकाळी महेंद्रभाऊ आले.

"वहिनी, पिल्लू उभं केलंय. दोन पाइप नवे टाकले. कापडाला काय झालेलंच नव्हतं."

मी चहा ठेवला.

"दौंडच्या एका कॉलेजचं शिबिर आलंय कवठ्यात. पोरी हायेत सगळ्या. रविवारी त्यांना दाखवायचं म्हणतोय. नमुना पायजे. माझं वजन तुम्ही बघताय न्हवं?"

मी कप पुढं केला. ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "रविवारी पोरी उडल्या, तर पुढं चालू ठेवू. न्हाई उडल्या, तर माझ्या एकट्यानं व्हायचं न्हाई. पाइप भंगारात जातील. कापड सोपानरावांनी मागितलंय, कांद्यावर टाकायला."

"येते," मी म्हणाले. नाही म्हणायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

रविवारी सकाळी भाकऱ्या थापताना त्या दिवशी अवस आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पोरींना दत्ताभाऊजींनी जीपमधून टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणलं. बारा-पंधरा जणी, सोबत एक बाई. मी दौंडचीच, रेल्वे क्वार्टरजवळची, म्हणून त्या लगेच माझ्याभोवती जमल्या. मोनाली म्हणून एक किडकिडीत पोरगी होती, प्रश्नांचं पोतंच.

"ताई, वर गेल्यावर भीती वाटते का?"

"मला सध्या काहीच वाटत नाही. तुझं तू बघ."

तिला वाटलं मी चेष्टा करते.

आधी महेंद्रभाऊंनी पोरींना बाभळीच्या फांदीला पट्ट्यांत टांगून दाखवलं. दांडी पुढं ढकलली की वेग मरतो, जवळ ओढली की वाढतो. दांडी आवळायची नाही, चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरायची. खाली पायांकडे बघायचं नाही, समोर बघायचं. ते ह्यांचेच शब्द जसेच्या तसे बोलत होते. पोरी टांगल्यावर गोल फिरत होत्या, खिदळत होत्या. वाळलेलं गवत मुठीत घेऊन भाऊंनी सोडलं, वारा समोरून होता.

डावा दोर धरायला कुणी नव्हतं. महेंद्रभाऊंनी तो दत्ताभाऊजींच्या हातात दिला. भाऊजी दोराकडे बघत राहिले, मग त्यांनी तो मनगटाला गुंडाळून घेतला.

मी पळाले. खांद्यांवरचं वजन हलकं झालं, पट्टे ताणले, जमीन सुटली. पूर्वी इथं तोंडातून आपोआप ओरडा निघायचा. आता काही झालं नाही. उजवीकडून महेंद्रभाऊ ओरडत होते, "पळा, पळा, पाय थांबवू नका!" डावीकडून कुणी काही बोललं नाही. मी हवेत पाय मारत राहिले. धोंड्याच्या अलीकडे दांडी ढकलली आणि उभ्या पायांवर उतरले. महेंद्रभाऊंच्या घरी असलं भाकर-पाणी मानत नाहीत, पण शेंदराच्या त्या धोंड्याला कुणाचा पाय लागू नये म्हणून उतरायची जागा त्यांनीच बाजूला सरकवली होती.

पोरींनी टाळ्या पिटल्या. पिल्लू पुन्हा वर नेलं, मोनालीला पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. तिने दांडी धरली, आवळली नाही. तेवढ्यात खालून टोपलं घेऊन सासूबाई वर आल्या.

मुक्ताबाई माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. अंगाने चिपाड, पण टेकडी चढताना कधी थांबायच्या नाहीत. त्या दिवशी थांबल्या. पिल्लाकडे बघितलं, मग पट्ट्यांतल्या मोनालीकडे.

"सोड त्ये," त्या तिला म्हणाल्या. "पोरी, आदी सोड. माझा ल्योक गेलाय ह्याच्यावरनं. त्यो धोंडा दिसतूय न्हवं? तितं पडला."

त्यांच्या बाई पुढं झाल्या. "भाऊ, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोनाली, उतरव ते." महेंद्रभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मागून एक पोरगी दुसरीला हळू सांगत होती, पण वाऱ्याने मला ऐकू आलं. "काल गावात म्हणत होते ना, शिलाई उसवली होती."

मला राग आला. वर्षाने आला आणि एकदम आला. कानशिलं तापली. माझा नवरा टाका न् टाका नखाने ओढून बघणारा माणूस. त्याला गावाने मुंगी केलं होतं, माझ्या हातच्या शिलाईला कुजकी केलं होतं, आणि मी खाली मान घालून त्याच गावाचे ब्लाऊज शिवत बसले होते.

"माझी शिलाई उसवली नाही!" मी ओरडले. पिल्लाचं कापड धरून मी ती शिवण त्या पोरींपुढं ताणली. "ही बघा. तीच आहे. एक टाका हललेला नाही. आत्या, हे इथं पडले नाहीत. कुठंच पडले नाहीत. हे रस्त्यावर गेले, जीपमध्ये. कोरेगावपाशी, उसाच्या ट्रॉलीवर."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पिल्लाकडे. मग दत्ताभाऊजींकडे. जीप कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात एकच जीप. भाऊजींच्या मनगटाला अजून दोर गुंडाळलेला होता.

"आई," ते म्हणाले, "गाडी मीच चालवत व्हतो."

आता ही बाई ऊर बडवणार, नाहीतर भाऊजींच्या मुस्काटात देणार, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. माझा राग तेवढ्यात ओसरला होता आणि आपण काय करून बसलो ते दिसायला लागलं होतं. सासूबाई मटकन खाली बसल्या. टोपल्यावरचं फडकं त्यांनी बाजूला केलं आणि भाकरीकडे बघत राहिल्या.

"म्हंजी मी वरीसभर हितं ठिवतीया," त्या हळूच म्हणाल्या, "आन् त्यो तिकडं बसलाय?"

त्यांनी मान वर केली.

"माझं लेकरू वरीसभर उपाशी हाय? रस्त्यावर? पानी बी न्हाई दिलं त्याला कुनी?"

त्यांनी आधी मला विचारलं, मग महेंद्रभाऊंना, मग त्या अनोळखी पोरींनासुद्धा, एकेकीच्या तोंडाकडे बघत. मी तर कुठंच पाणी दिलं नव्हतं.

"पानी मिळतंय, आई," दत्ताभाऊजी म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की सासूबाईंनी "आँ?" केलं.

"पानी मिळतंय त्याला. मी वततो. रोज. जाताना बी आन् येताना बी. भाकर न्यायचं मला सुचलं न्हाई. पन पानी दितो."

रेडिएटर कधीच तापत नव्हता. वर्षभर पॅसेंजरच्या शिव्या खाऊन हा माणूस रस्त्याच्या कडेला भावाला पाणी पाजत होता, आणि एका घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

सासूबाईंनी टोपल्यावर फडकं टाकलं. मग टोपलं उचलून उभ्या राहिल्या.

"चल. जागा दाव."

भाऊजींना मनगटाचा दोर सोडता येईना. गाठ बसली होती. सासूबाईंनीच ती दातांनी सोडवली आणि दोर कॉलेजच्या बाईंच्या हातात दिला. "तुमी धरा हे. आन् त्या पोरीला ताटकळत ठिवू नगा, बांधून ऱ्हायलीया." बाईंनी दोर धरला. नाही म्हणायची सोय नव्हती.

खाली जीपपाशी आलो. सासूबाईंनी पुढचं दार उघडलं, सीटवरचा कॅन उचलून मांडीवर घेतला आणि तिथं बसल्या. मी मागं बसले. भाऊजींनी किल्ली फिरवली तेवढ्यात वरून पोरींचा गलका झाला. आम्ही तिघांनी वर बघितलं. पिल्लू उचललं होतं. मोनाली त्याखाली हवेत होती, पाय चालवत, किंचाळत. दाराच्या उंचीइतकी वर गेली, थोडी पुढं आली आणि धोंड्याच्या अलीकडे बुडावर आपटली. लगेच उठली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली.

"येवढंच उडतंय त्ये?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी ते उडताना आजच पहिल्यांदा बघितलं.

"एवढंच, आत्या."

"आन् मी म्हनत व्हते, आभाळातनं पडला." भाऊजींनी गाडी काढली. शिरूर गेलं, शिक्रापूर गेलं. भाऊजी इतकी सावकाश गाडी चालवत होते की बैलगाडीवाल्यानेही आम्हाला मागं टाकलं असतं. सासूबाई "जरा हाक की" म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त कॅन हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

कोरेगावच्या अलीकडे भाऊजींनी गाडी कडेला घेतली. जागा दाखवावी लागली नाही. रस्त्याच्या बाजूचं गवत फाल्गुनात वाळून कोळ झालं होतं, धुळीने पांढरं पडलं होतं. त्यात सुपाएवढी जागा हिरवी होती. हरळी माजली होती तिथं, दाट आणि ओली. धोंडा नव्हता, शेंदूर नव्हता. नुसतं हिरवं गवत.

सासूबाई त्याच्यापाशी बसल्या. हरळीवरून एकदा हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. भाकर ठेवली, वर पिठलं ठेवलं. भाऊजी लांब उभे होते. त्यांना हाक मारून जवळ बसवलं. मग टोपल्यातला तांब्या काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

"तू वत. तुझ्या हातचं न्हाई मिळालं त्याला अजून."

मी तांब्या घेतला आणि ओतलं. पाणी हरळीत मुरत गेलं. ते मुरताना बघितलं आणि मला ह्यांचा घसा दिसला, टेकडी चढून आल्यावर घटाघटा पाणी पिताना वरखाली होणारा. त्यांची तहान मला दिसली. मी रडले. दहाव्याला बायांना हवं होतं तसं, रस्त्यावरच्या गाड्या थांबून बघायला लागल्या तरी न थांबता. पाणी कधीच संपलं होतं आणि मी रिकामा तांब्या उपडा धरून उभी होते.

दत्ताभाऊजींनी गाडीतून कॅन आणला आणि तांब्या पुन्हा भरून दिला.